शाकाहारी गळ

१

गळाला लावायचं पीठ कसं मळायचं ते शांतलिंगाला विचारावं. जोंधळ्याचं पीठ चाळून घ्यायचं. त्यात शेंगपेंड कुटून घालायची, चिमूटभर हिंग, सुपारीएवढा गूळ, आणि पाणी डोहाचंच. विहिरीचं पाणी चालत नाही, माशाला परकं लागतं. गोळी एवढी घट्ट पाहिजे की पाण्यात पडल्यावर विडा लावून होईस्तोवर टिकली पाहिजे, आणि एवढी मऊ की ओठ लागला की फुटली पाहिजे.

गांडूळ, बेडूक, नाकतोडा असलं काही शांतलिंग हातात धरायचा नाही. लिंगायताचा पोरगा. घरात अंडं फुटलेलं कुणी बघितलं नव्हतं. बाप माणिकप्पा गावात किराण्याचं दुकान चालवायचा आणि सुक्या बोंबलाचं कुणी नुसतं नाव काढलं तरी उंबऱ्यावर पाणी शिंपडायचा. अशा घरातल्या, लग्न होऊन बायको नांदायला आलेल्या, चांगल्या शहाण्या माणसाला मासे धरायचा नाद लागला होता.

नाद म्हणजे नुसता नाद. खायचं नाही, विकायचं नाही. गळाच्या टोकाला जो उलटा दात असतो, तो त्यानं कानशीनं घासून टाकलेला. मासा वर काढायचा, ओल्या धोतरावर घ्यायचा, गळ सोडवायचा, त्याच्या तोंडाकडं जरा बघायचं, आणि पाण्यात सोडायच्या आधी त्या फाटक्या ओठात पिठाची एक गोळी ठेवायची. फसवल्याची भरपाई.

पण खरं सांगायचं तर त्याला भरपाईची हौस नव्हती, झटक्याची होती. दोरा ताणला जातो, काठी वाकते, खाली कुणाचातरी जबडा फाटतो आणि ते सगळं मनगटात कळतं. तेवढ्या वेळात शांतलिंग दात चावून हसायचा. मग मासा हातात आला की पुन्हा गरीब व्हायचा.

हे ठाऊक होतं फक्त बलभीमला. बलभीम मराठ्याचा, शांतलिंगाचा लहानपणापासूनचा दोस्त, आणि माशाचा भुकेला. तो शेजारी बसून प्रत्येक माशाला एकच सांगणं सांगायचा.

"शांत्या, ह्यो तरी दे की रं मला."

"न्हाय."

"आरं, कालवण करतो. तुला वास बी येऊ देत न्हाय."

"पाव्हणा हाय त्यो. पाव्हण्याला कापत्यात व्हय?"

"पाव्हण्याचं थोबाड फाडत्यात व्हय मग?"

शांतलिंग पाव्हण्याला गोळी भरवायचा आणि सोडून द्यायचा.

२

निजामाच्या राज्याचा तो शेवटचा उन्हाळा. शेवटचा हे मागाहून कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की रझाकारांची गाडी कधी येईल सांगता येत नाही, निम्मं गाव हद्दीपार सोलापुराकडं निघून गेलंय, आणि उरलेल्यांनी वेशीचं दार लावून घेतलंय. दारावर बलभीम आणि आणखी काहीजण काठ्या-कुऱ्हाडी घेऊन बसायचे. ओळखीचा नसेल त्याला अडवायचे. मराठा म्हणाला तर देवक विचारायचे, लिंगायत म्हणाला तर गळ्यातलं लिंग दाखव म्हणायचे. उत्तर चुकलं की आधी मारायचे, मग विचारायचे. जळकोटाच्या एका भांडीवाल्यानं भीतीनं मामाचं गाव चुकीचं सांगितलं होतं. त्याचा हात अजून गळ्यात बांधलेला होता.

वैशाख होता. बोरी नदी आटून गेलेली, पाणी राहिलं होतं ते गावाखालच्या रांजणडोहात. हिरवं-काळं, तळ न दिसणारं. सकाळचं शांतलिंग आणि बलभीम काठावर बसले होते. दोऱ्याला बांधलेलं मोराच्या पिसाचं तरंगतं एकदा हाललं, आडवं झालं आणि गडप झालं. काठी वाकून टोक पाण्याला टेकलं.

शिंगटा होता. मिशाळ, हातभर लांब, ओठाचे दोन्ही कोपरे फाटून भरून आलेले. जुना पाव्हणा. शांतलिंग धरायला वाकला, तसा त्यानं शेपटीचा असा रट्टा दिला की शांतलिंगाच्या छातीवर वळ उठला आणि गळ्यातलं शिवदारं तुटलं. चांदीची डबी खाली आली. शिंगट्याचं तोंड उघडंच होतं. त्यानं ती पडू दिली नाही. प्रसाद घ्यावा तशी घेतली.

दात नसलेला गळ सुटला. मासा पाण्यात गेला, आणि जाता जाता वळला. मासे वळून बघत नाहीत. ह्यानं बघितलं.

त्या डबीत शांतलिंगाचं इष्टलिंग होतं. जन्मल्यावर जंगमस्वामींनी बांधलेलं. त्याची पूजा झाल्याशिवाय घास घ्यायचा नाही, ते अंगावरनं उतरवायचं नाही, आणि मेल्यावर माणसाला बसवून पुरतात तेव्हा तेच डाव्या तळव्यात ठेवतात. माणिकप्पाचा चुलता कल्याणप्पा, त्याचं लिंग पुरात वाहून गेलं, तर त्यानं अन्नपाणी सोडलं आणि भिंतीला टेकून बसल्या जागी गेला. माणिकप्पा ही गोष्ट सांगताना रडायचा नाही. त्याची मान ताठ व्हायची.

शांतलिंग डोहात उडी मारून चाचपडून आला. हाताला चिखल लागला. काठावर बलभीम पोट धरून हसत होता.

"आता मासा लिंगायत झाला रं शांत्या! त्योबी आता किडं खायचा न्हाय!"

शांतलिंगानं त्याच्या कानाखाली दिली. बलभीमनं गाल चोळला आणि पुन्हा हसला.

"मारू नगं. म्या सांगतो काय करायचं." त्यानं आपल्या फेकजाळ्याच्या कडेचं एक शिसं दातानं तोडलं, दगडानं ठोकून गोल केलं, चुलीच्या काजळीनं काळं करायला सांगितलं. "फडक्यात बांध आन् घाल गळ्यात. दुसऱ्याचं लिंग कोण उघडून बघतंय? मासा काय पळून जात न्हाय. एवढूसा डोह. आज ना उद्या गावतोय."

बोलणं पटण्यासारखं होतं. तिथंच सगळं फसलं.

३

घरी त्यानं सांगितलं, की दिवस वाईट आहेत, अंगावर चांदी नको, डबी लपवून ठेवली आणि लिंग फडक्यात बांधलं. माणिकप्पा म्हणाला, "शाणा झालास." बापानं असं कौतुक लग्नातसुद्धा केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांतलिंग भिंतीकडं तोंड करून पूजेला बसला. डाव्या तळव्यावर जाळ्याचं शिसं, त्यावर बेलाचं पान, वरनं उपरणं. विभूती लावली, पाणी घातलं, मंत्र म्हटला. शिसं तळव्यावर गप बसलं होतं. फक्त उठताना त्याला वाटलं, की कालपेक्षा जरा जड आहे.

आई इरम्मानं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. पहिला घास तोंडात गेला आणि गळ्याशी अडला. चवच शिशाची. तो परसात जाऊन थुंकून आला, पोट बिघडलंय म्हणाला आणि दुकानातली गूळ कापायची सुरी धोतरात खोचून डोहावर गेला.

ऊन चढलं होतं. तरंगतं बुडालं, शिंगटा आला. तोच की दुसरा, फाटक्या ओठावरनं कळेना. आजवर शांतलिंगानं मासा मारला नव्हता. कसं मारतात ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं शेपटी धरून डोकं खडकावर आपटलं. मासा मेला नाही, ओरडल्यासारखा आवाज मात्र आला. शिंगटे असा आवाज काढतात, बलभीमनं सांगितलं होतं. त्यानं पुन्हा आपटलं. डोळा बाहेर आला. पुन्हा आपटलं, आणि मासा निपचित पडला तरी तो आपटतच राहिला, कारण मनगटात तोच झटका कळत होता, आणि ह्यावेळी तो थांबवायला काही नव्हतं.

मग सुरीनं पोट फाडलं. गुळाची सुरी, ती कापत नव्हती, फाडतच होती. आतड्यात लिंग नव्हतं. आत कडक भाकरीचे तुकडे होते. त्याच्यावर शेंगाची चटणी, लसणासकट.

शांतलिंगानं स्वतःला समजावलं. वर कुणीतरी भांडी घासली असतील. उष्टं वाहत आलं असेल. नदीला वाहतं पाणी नव्हतं, ही गोष्ट त्यानं त्या दिवशी मनात येऊ दिली नाही.

वास आला तसं त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. मासा वाळूत पुरून तो उठला.

४

"अव्वा, वाढ जरा," तो घरात शिरत आईला म्हणाला. "बघू उतरतंय का घास."

इरम्मा भाकऱ्या झाकून ठेवत होती. "आत्ता तर ऊट केलंस की रं, जेवून उठलास."

"कोन? म्या?"

"न्हाय, तुझा आजा! चार भाकरी खाल्ल्यास. म्हनलं बरं झालं, सकाळी पोट बिघडलं म्हनत होतास." तिनं त्याच्या गळ्याकडं बघितलं. "डबी पुन्हा काढून ठिवलीस व्हय? मघाशी घातलीवतीस. चांगली घासून लख्ख केलीवतीस."

जेवायचा पाट भिंतीला टेकवलेला होता. त्याच्याखाली ओल पसरली होती. शांतलिंगानं पाटाला बोट लावलं. गार. वैशाखात त्या घरात गार असं काही नव्हतं.

शिवकांता, त्याची बायको, दारात उभी होती. ती खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, एक सांगू का? रागावू नका."

"सांग."

"तुमच्या अंगाला रोज कसलातरी वास येतोय. डोहाचा. म्या बोलत न्हवते. मघाशी आलात तवा आजिबात न्हवता. निस्ता विभूतीचा." ती एक पाऊल मागं सरली. "आता पुन्हा येतोय."

शांतलिंगाचं डोकं चालायला लागलं. बलभीम! हा बलभीमचाच चावटपणा. मागं एकदा तो महसुलाच्या गिरदावराचा वेष करून सख्ख्या चुलत्याकडनं कोंबड्या उकळून आला होता, आणि चुलत्यानं त्याला वाकून सलामसुद्धा केला होता. त्यानंच मासा धरून लिंग काढलं असणार, घरच्यांना शिकवून ठेवलं असणार.

तो सरळ वेशीवर गेला आणि बसलेल्या बलभीमच्या तोंडावर लाथ घातली. दोघं धुळीत लोळले. बलभीमचा दात पडला तेव्हा सुटले.

"येडा झालास का रं?" बलभीम रक्त थुंकत म्हणाला. "म्या सकाळपास्नं हितंच हाय. विचार ह्यांना."

"मग माझ्या घरी कोन जेवून गेलं?"

"तूच की! अजून कोन जेवतंय तुझ्या घरी?" बलभीमनं पडलेला दात उचलून बघितला, बंडीच्या खिशात टाकला. मग जरा विचारात पडून म्हणाला, "पर एक हाय शांत्या. आज तू वेशीतनं भाईर गेलास एकदा, आन् आत आलास दोनदा. म्हनलं आपलं काम लोकांला अडवायचं हाय, मोजायचं न्हाय."

५

पुढच्या सकाळी शांतलिंग डोहावर जातो म्हणून निघाला आणि परसातनं मागं येऊन गुळाच्या कोठीत लपला. ढेपांच्या मागं, मुंग्यांत. कोठीच्या दाराला बोटभर फट होती. फटीतनं देवघराचा कोपरा आणि जेवायचा पाट दिसायचा. हातात सुरी होती. जो कोण सोंगाड्या असेल त्याला आज सोंगासकट फाडायचा, एवढं पक्कं होतं.

आधी पावलांचा आवाज आला. चिखलातनं पाय उपटावा तसा, शेणानं सारवलेल्या कोरड्या जमिनीवर. मग तांब्यातलं पाणी. मग चांदीच्या डबीचं झाकण उघडल्याचा तो बारीक आवाज, जो शांतलिंगानं जन्मभर रोज ऐकला होता. आणि मग मंत्र. आपला आवाज आपल्याला बाहेरनं कधी ऐकू येत नाही, त्यामुळं आधी त्याला वाटलं, हा कोण बेसूर. मग ओळखला.

फटीतनं पाठ दिसत होती. तीळ होता तिथं तीळ. डावा तळवा पुढं केलेला, पाण्यात लई वेळ राहिल्यावर होतो तसा पांढरा, सुरकुतलेला. तळव्यावर लिंग. खरं. त्याचं.

शिवकांतानं ताट आणलं. सोमवार होता, इरम्मानं हुग्गी केली होती. गव्हाची, गुळाची खीर, वरनं खसखस. तो जेवायला लागला. चावत नव्हता. घास आत जायचा आणि गळा एकदा हालायचा.

"हळू रं लेकरा," इरम्मा म्हणाली. आवाजात माया ओसंडत होती.

माणिकप्पा येऊन बसला. तेव्हा तो बोलला.

"अप्पा, एक सांगायचं होतं. डोहावर एक मानूस बघितला. दोन दिस झालं."

"कसला मानूस?"

"माझ्यासारखा. हुबेहूब. आवाज बी माझा. कुनाचा हेर हाय काय की. मासं मारतोय. आपटून आपटून मारतोय, अप्पा, बघवत न्हाय." तो जरा थांबला. "त्यो हितं ईल. तुमाला अप्पा म्हनंल. लहानपणचं सगळं सांगंल, त्येला समदं ठाव हाय. पर त्येच्या गळ्यात लिंग न्हाय. शिसं हाय."

माणिकप्पाचं तोंड दिसत नव्हतं. हात दिसत होता, मांडीवर. हळूहळू मूठ झाली.

आता उठायचं. दार लोटायचं आणि सुरी घालायची. शांतलिंगाला सगळं स्पष्ट दिसत होतं. फक्त घालायची त्या पाठीत, जिच्यावर त्याचाच तीळ होता. त्यानं उठायला जोर केला आणि गळ्यातलं शिसं खाली ओढलं गेलं. फडक्याची गाठ मानेत रुतली. कपाळ जमिनीला टेकलं. कुणीतरी खालनं दोरा ओढावा तसा तो मुंग्यांत पालथा पडून राहिला.

शेवटी मान उचलता आली तेव्हा पाट रिकामा होता. जेवणारा उठून फटीसमोरनं जात होता. शांतलिंगाला दिसला फक्त गाल, आणि ओठाचा कोपरा. फाटून भरून आलेला.

६

परसाच्या भिंतीवरनं उडी मारून तो डोहावर पळाला. आता एकच उपाय होता. लिंग मिळालं पाहिजे. जे आपण बघितलं ते खोटं, भुकेनं दिसलेलं, लिंग अजून माशाच्या पोटात आहे, असं तो पळता पळता मोठ्यानं म्हणत होता.

त्या दुपारी त्यानं डोह उपसायचाच बाकी ठेवला. काठी मोडली तेव्हा दोरा हाताला गुंडाळून ओढला. गोळी टाकली की मासा येत होता, रांग लावल्यासारखा. तो आपटत होता, फाडत होता, आतडी पिळून बघत होता. काटे तळव्यात मोडले. कोपरापर्यंत हात लाल झाले, त्यावर खवले चिकटले. खडक निसरडा झाला. खालनं दर झटका बसला की दात चावून हसू यायचं, आणि तो हसत होता.

प्रत्येक पोटात हुग्गी होती. गहू, गूळ, खसखस, अजून कोमट.

दोन दिवसांचा उपाशी माणूस. त्यानं इकडं तिकडं बघितलं, फाटलेल्या पोटातला एक गहू बोटानं उचलला आणि जिभेवर ठेवला. उतरला. ह्या दोन दिवसांत पहिल्यांदा काहीतरी गळ्याखाली उतरलं. मग त्यानं दुसरा घेतला. मग ओंजळीनं खाल्लं.

पोटात आधार आल्यावर डोकं ठिकाणावर आलं. त्याला वाटलं, बाप शेवटी बाप आहे. तोंडासमोर उभं राहिलं तर ओळखेल. तो तसाच वेशीकडं निघाला, हात न धुता.

वेशीवर सगळे जमून बसले होते. बलभीम पुढं, कुऱ्हाडीचा दांडा घेऊन.

"थांब तितंच."

"आरं बल्या, म्या हाय."

"दाव गळ्यातलं."

"तुला ठाव हाय की काय हाय त्ये! तूच दिलंस!"

"व्हय. म्याच दिलं," बलभीम म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कालचा दोस्त नव्हता. "शांत्याला दिलं. शांत्याला त्येचं लिंग गावलं. दुपारीच येऊन दावलं मला, डबीसकट. आता ज्येच्याकडं लिंग हाय त्यो शांत्या, आन् ज्येच्या गळ्यात आजून शिसं हाय त्यो कोन, तूच सांग."

शांतलिंगाला ह्यात चूक सापडेना. त्यानं खरंच शोधून बघितली.

एकानं फडकं ओढलं. गाठ सुटली, शिसं मातीत पडलं आणि धप्पकन आवाज आला, जातं पडावं तसा. दोघांनी उचलून बघितलं, मग चौघांनी, आणि हलेना तसं सोडून दिलं. शांतलिंगानं मात्र वाकून ते एका हातानं उचललं आणि पुन्हा गळ्यात बांधलं. त्याला लाज वाटत होती, उघड्या गळ्याची. बाकीचे मागं सरले.

गर्दीतनं माणिकप्पा पुढं आला. दुकानातलं अडीचशेरी वजन मुठीत होतं.

"अप्पा," शांतलिंग म्हणाला. "तुमी मला खांद्यावर घिऊन मुरुमच्या बाजाराला नेलंवतं. म्या पागोट्यात मुतलोवतो. कुनाला सांगितलं न्हाय तुमी."

माणिकप्पानं वजन उचललं. "त्यानं सांगितलंवतं, तू असं समदं सांगशील म्हनून." त्यानं मागं बघितलं. गर्दीच्या मागं वेशीच्या सावलीत कुणीतरी उभं होतं. तोंड दिसत नव्हतं. छातीवर चांदी चमकत होती. "एकच इचारतो. माझा लेक आज माझ्याम्होरं जेवला. काय जेवला?"

शांतलिंगाला हर्ष झाला. हे त्याला येत होतं.

"हुग्गी! वरनं खसखस. गूळ जरा जास्तच झालावता, अप्पा!"

माणिकप्पाचा हात खाली आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यानं लेकाकडं एक पाऊल टाकलं.

"आरं, तुला कसं ठाव? तू तर घरात न्हवतास."

"माशाच्या पोटात बघितली," शांतलिंग म्हणाला. "समद्यांच्या पोटात हाय. म्या खाल्ली बी थोडी."

तेव्हा माणिकप्पानं त्याचे हात बघितले. रक्त, खवले, आणि हनुवटीवर वाळलेला गूळ. ज्या घरात अंडं फुटलं नव्हतं त्या घरच्या माणसानं अडीचशेरी वर नेलं आणि लेकाच्या तोंडावर घातलं. ओठ कोपऱ्यातनं गालापर्यंत फाटला.

बाकीचं वेशीनं केलं.

७

बलभीमच्या दांड्यानं हाताचं हाड मोडलं. कुणाचा तरी दगड कानावर बसला, तिथनं पुढं त्याला आवाज असे आले की जणू सगळे लांब आहेत आणि तो आधीच पाण्याखाली आहे. पायात दांडा घातला तर पडायचा आणि चार पायांवर पळायचा. मागनं शिव्या, पुढं उतार. पाठीत भाला की गज काहीतरी शिरलं आणि निघालं. तो रांजणडोहाच्या खडकावर आला, स्वतःच सांडलेल्या माशांच्या आतड्यांवरनं घसरला आणि आत गेला.

शिशानं पुढचं काम केलं.

खाली गार होतं. तो मरायची वाट बघत राहिला. ते काही होईना. फाटलेल्या ओठातनं पाणी आत यायचं, कानामागनं कुठंतरी बाहेर जायचं. दुखणं थांबलं. गळ्यातली गाठ सुटली नाही, पण आता ती ओढतसुद्धा नव्हती. आजूबाजूला काही सरकत होतं, मऊ, मिशाळ, त्याच्या मोडक्या हाताला घासून जात होतं. पाहुणचार केल्यासारखं.

वर उजेडाचं एक गोल भोक होतं. कधी काळं व्हायचं, कधी पांढरं. त्याला एवढंच कळत होतं की भूक लागली आहे. पहिल्यासारखी नाही. अंगभर भूक, दुसरं काही नाहीच.

मग वास आला. हिंगाचा.

गोळी सावकाश खाली येत होती. जोंधळ्याचं पीठ, शेंगपेंड, सुपारीएवढा गूळ, पाणी डोहाचंच. परकं काही नाही. घट्ट होती आणि मऊ होती. मळणाऱ्याला चांगलं येत होतं.

आत काय आहे ते शांतलिंगाला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला नसेल एवढं त्याला ठाऊक होतं. गळ आपलाच, त्याचा दात आपणच घासून टाकलेला, सहज सुटतो. फार तर एक झटका. मग ओलं धोतर, मग तो आपल्या तोंडाकडं जरा बघेल, आणि सोडायच्या आधी ओठात एक गोळी ठेवेल. रीतच आहे तशी. आपणच पाडलेली.

गोळी ओठाला लागली. फुटली. गोड.

आणि पाण्यातनं, लई लांबनं, बलभीमचा ओळखीचा आवाज आला. एक दात नसल्यामुळं जरा फुसफुसता.

"शांत्या, तरंगतं बुडालं बघ! थोरला दिसतोय. ह्यो तरी दे की रं मला."

शांतलिंग वाट बघत राहिला. ह्याला काय उत्तर असतं ते त्याला पाठ होतं.

दोरा ताणला गेला. वरनं त्याचाच आवाज आला.

"ने की."